दर्शन एका रात्रीत मिळतं का?

ख्रिस्ती पुढाऱ्याला देव एखाद्या क्षणी दर्शन, म्हणजे पुढच्या कामाची दिशा, देतो, ते त्याच्या एकट्यापाशीच असतं आणि मंडळीने, म्हणजे चर्चमधल्या विश्वासणाऱ्यांनी, फक्त मागे चालायचं, असा समज मंडळ्यांमध्ये वर्षानुवर्षं चालत आला आहे. यामुळे किती तरी तरुण सेवक स्वतःला अपात्र समजतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पवित्र शास्त्रात चित्र वेगळं आहे. पारसाच्या राजाच्या दरबारात प्यालेबरदार असलेल्या यहूदी नहेम्याचंच घ्या. यरुशलेमचा तट पडल्याची बातमी त्याला किसलेव या यहूदी महिन्यात त्याचा भाऊ हनानी याच्याकडून कळली. तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. राजापुढे विषय निघाला तो नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. यरुशलेमला पोचल्यावरही त्याने लगेच घोषणा केली नाही. तीन दिवसांनंतर रात्री, थोडी माणसं सोबत घेऊन तो तट पाहायला निघाला. एके ठिकाणी त्याच्या जनावराला पुढे जायला वाटच नव्हती. ही पाहणी झाल्यावरच तो लोकांशी बोलला. मग सोनार, गांधी (सुगंधी द्रव्यं बनवणारे), याजक कामाला लागले. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर तर त्याच्या मुलीही होत्या. तट ५२ दिवसांत उभा राहिला.

प्रेषित पौलाला त्रोवस शहरात एका रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला, हे खरं. पण देवाने बोलावलं आहे, हे अनुमान ‘आम्ही’, म्हणजे पौल आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून, काढलं असं नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिलं आहे. त्याआधी अंत्युखिया शहरात पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांना देवाच्या कामासाठी वेगळं करण्याची आज्ञा आली, तीही संदेष्टे व शिक्षक एकत्र उपास करत असताना.