हळकुंडाचा रंग आणि डोक्यातलं शिसं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा लागला की व्यापारी पोत्यात हात घालतो, एक हळकुंड उचलतो आणि कडकन मोडतो. वरच्या पॉलिशवर त्याचा भरवसा नसतो, गाभा बघायचा असतो. भिजून काळवंडलेल्या मालाचं काय होतं, हे महापूर बघितलेल्या सांगलीकराला वेगळं सांगायला नको.

बांगलादेशात 1980च्या दशकात अशाच एका मोठ्या पुरात हळद भिजली, निस्तेज झाली. तिला उजळवायला काहींनी लेड क्रोमेट चोळलं. रंग पिवळाधमक, पण त्यात शिसं. पूर ओसरला, सवय मागे राहिली. 2019 साली तिथल्या बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत ते सापडलं. मग धाडी पडल्या, दंड झाले, आणि 2021मध्ये आकडा शून्यावर आला.

शिशाचा परिणाम मात्र ‘पी हळद अन् हो गोरी’ असा लगेच दिसत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून फसतं, म्हणून आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत त्याला वाट मिळते. गिळलेल्या शिशापैकी मोठा माणूस साधारण दहावा हिस्सा शोषतो, लहान मूल जवळजवळ निम्मं. पोट रिकामं असेल किंवा अंगात लोह कमी असेल, तर त्याहून जास्त. एकाच गल्लीतली शिशाची धूळ, पण उपाशी पोराला ती जास्त बाधते. मला या विषयात सगळ्यात जास्त टोचते ती हीच गोष्ट.

कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला लगाम घालतो. शिसं तिथेच घाव घालतं. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात जुन्या, शिसं असलेल्या रंगाचे पोपडे उडालेल्या घरांच्या वस्त्यांतली मुलं संशोधकांनी जन्माआधीपासून धरून वर्षानुवर्षं तपासली. 2008मध्ये निष्कर्ष आला: लहानपणी रक्तात शिसं जास्त, तर मोठेपणी अटकेच्या नोंदीही जास्त. म्हणून सगळी गुन्हेगारी शिशाच्या माथी मारणं काही खरं नाही. शाळा सुटणं, हाताला काम नसणं, पोलिसांची नजर कुठल्या वस्तीवर असते, हा सगळा गुंता त्यात आहेच.

अमेरिकेतल्याच फ्लिंट शहरात हा गुंता उघडा पडला. मोटारींचे कारखाने आटले, रोजगार गेला, शहराची तिजोरी रिकामी झाली. पैसे वाचवायला एप्रिल 2014मध्ये नळाला नदीचं पाणी जोडलं, पण गंज रोखणारं रसायन त्यात घातलंच नाही. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने तक्रार केली, या पाण्याने इंजिनाचे भाग गंजतात. कारखान्याला दुसरं पाणी मिळालं. माणसांना वर्षभर थांबावं लागलं.

आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं 2000 साली गेलं. जुन्या बॅटऱ्यांचं मात्र अजून उरलंय. दुसरं काम मिळत नाही म्हणून कुणी भंगाराच्या शेडमध्ये बॅटरी फोडतो, ॲसिड गटारात ओततो, प्लेटा वितळवतो. संध्याकाळी त्याच कपड्यांनी घरी येऊन पोराला उचलून घेतो. कपडे शेडवरच बदलले, हात धुतले, तर घरात येणारी धूळ बरीच कमी होते. आणि ते पोर अंगणवाडीत उसळ खाऊन आलेलं असेल, तर पोटात गेलेल्या शिशापैकी रक्तात कमी उतरतं.