ॲडम गुड्स

ॲडम रॉय गुड्स (जन्म : ८ जानेवारी १९८०). ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे निवृत्त खेळाडू, सिडनी स्वान्स संघाचे माजी सहकर्णधार आणि २०१४ चे ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’. १९९९ ते २०१५ या सतरा हंगामांत ते एकाच संघाकडून ३७२ सामने खेळले आणि त्यांनी ४६४ गोल केले. ते निवृत्त झाले तेव्हा स्वान्सच्या इतिहासात आणि आदिवासी खेळाडूंमध्येही एवढे सामने दुसऱ्या कोणाच्या नावावर नव्हते. अशा खेळाडूची शेवटच्या हंगामात मैदानामागून मैदानावर हुर्यो उडवली गेली. ती का उडवली गेली, हे सांगितल्याशिवाय त्यांची नोंद पुरी होत नाही.

या खेळाचे पहिले नियम १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये लिहिले गेले. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर चपळ राहावे, हा त्यामागचा एक हेतू होता. आजही तो क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानांवर खेळला जातो. सचिन तेंडुलकरने जानेवारी २००४ मध्ये नाबाद २४१ धावा केल्या ते सिडनी क्रिकेट ग्राउंड हिवाळ्यात स्वान्सचे घर असते. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू आणि टोकाला चार उभे खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला की गोलचे सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक.

गुड्स यांचा जन्म साउथ ऑस्ट्रेलियातील वॉलरू गावचा. आई अद्न्यमाथन्हा आणि नरुंगा या आदिवासी समाजांतली. सरकारी धोरणानुसार ज्या आदिवासी मुलांना आईवडिलांपासून तोडून नेण्यात आले, त्या ‘चोरलेल्या पिढ्यां’पैकी ती एक. आईवडील वेगळे झाल्यावर मुले आईबरोबर गावोगाव फिरली. लहानपणी गुड्स सॉकर खेळत. व्हिक्टोरियातील मर्बीनला आल्यावर ते या फुटबॉलकडे वळले. नॉर्थ बॅलरॅट रेबेल्स या युवा संघाकडून खेळत असताना १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू घेतात त्या निवडीत, स्वान्सने त्यांना ४३ व्या क्रमांकावर घेतले. म्हणजे बेचाळीस मुले त्यांच्याआधी निवडली गेली होती.

१९९९ मध्ये पदार्पणाच्याच हंगामात त्यांना सर्वोत्तम नवोदिताचा ‘रायझिंग स्टार’ पुरस्कार मिळाला. १९१ सेंटिमीटर उंचीचा हा खेळाडू कुठेही खेळू शके: चेंडू उंच उडवून खेळ सुरू होतो तेव्हा त्यासाठी झेपावणारा रकमन म्हणून, मिडफिल्डमध्ये किंवा पुढच्या फळीत. उंच खेळाडू सहसा धावायला जड असतात. गुड्स धावपटूंच्या बरोबरीने पळत. पंचांच्या मतांवर ठरणारे, हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक त्यांनी दोनदा जिंकले. २००३ मध्ये ते नेथन बकली आणि मार्क रिचुटो यांच्याबरोबर विभागून मिळाले, २००६ मध्ये एकट्याला.

२००५ च्या अंतिम सामन्यात स्वान्सने वेस्ट कोस्टला ५८-५४ असे हरवले. साउथ मेलबर्न या मूळ नावाने १९३३ मध्ये जिंकल्यानंतरचे संघाचे हे पहिलेच विजेतेपद, तब्बल ७२ वर्षांनी. २०१२ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नविरुद्ध गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असतानाही गुड्स खेळत राहिले आणि अखेरच्या सत्रात त्यांनी मोलाचा गोल केला. माझ्या मते त्यांच्या खेळाचा खरा कस त्या संध्याकाळी दिसला.

२४ मे २०१३ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर कॉलिंगवुडविरुद्ध सामना होता, तोही आदिवासी खेळाडूंच्या गौरवासाठी राखलेल्या फेरीतला. कुंपणाजवळून कोणीतरी त्यांना ‘एप’, म्हणजे वानर, म्हणाले. गुड्स थांबले आणि त्यांनी सुरक्षारक्षकांना बोट करून ती व्यक्ती दाखवली. ती तेरा वर्षांची मुलगी निघाली. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर त्यांनी सांगितले की राग त्या मुलीवर काढू नका, तिला आधाराची गरज आहे. ही शिवी आपल्यालाही परकी नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर अँड्र्यू सायमंड्सला पाहून माकडाचे हावभाव करणारे प्रेक्षक आपल्याच शहरातले होते.

गुड्स वंशद्वेषाबद्दल बोलत राहिले, ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाल्यावर तर अधिकच. चेंडू त्यांच्याकडे गेला की हुर्यो सुरू होई. मैदानावर ते फ्री किकसाठी नाटक करतात म्हणून ओरडतो, असे काही जण म्हणत. तसा आरोप असलेले खेळाडू इतरही होते. आठवड्यामागून आठवडा असे ओरडणे मात्र यांच्याच वाट्याला आले. २९ मे २०१५ रोजी कार्लटनविरुद्ध गोल केल्यावर त्यांनी आदिवासी युद्धनृत्याच्या काही पावलांनी आनंद साजरा केला आणि शेवटी भाला फेकल्याचा अभिनय केला. हे नृत्य त्यांना सोळा वर्षांखालील आदिवासी मुलांच्या संघाने शिकवले होते. त्यानंतर हुर्यो वाढतच गेली. जुलैअखेरीस पर्थमधल्या सामन्यात सहकारी लुईस जेटा यांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी तसेच नृत्य केले. पुढच्या आठवड्यात गुड्स रजेवर गेले.

त्या आठवड्यात सिडनीतल्या सामन्यात प्रेक्षकांनी त्यांच्या ३७ या जर्सी क्रमांकाची आठवण ठेवून उभे राहून टाळ्या वाजवल्या. रिचमंड संघाचे खेळाडू आपल्या सामन्यात आदिवासी नक्षीच्या जर्सी घालून उतरले. गुड्स परतले, पण मन उठले होते. १९ सप्टेंबर २०१५ रोजी नॉर्थ मेलबर्नकडून हरल्यावर त्यांनी ड्रेसिंग रूममध्येच निवृत्ती सांगितली. अंतिम सामन्याच्या दिवशी निवृत्त खेळाडूंना मैदानाभोवती फिरवून निरोप देतात, त्याला ते गेले नाहीत.

नात्यातले भाऊ आणि स्वान्सचेच खेळाडू मायकेल ओलॉकलिन यांच्यासोबत २००९ मध्ये त्यांनी सुरू केलेली ‘गो फाउंडेशन’ ही संस्था आदिवासी मुलांना शिष्यवृत्त्या देते. निवृत्तीनंतर ते फुटबॉलपासून दूर राहिले, या कामापासून नाही.

जून २०१९ मध्ये, २०१५ च्या त्या दिवसांवरचे माहितीपट येत असतानाच, ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग आणि तिच्या अठराही क्लबांनी त्यांची जाहीर माफी मागितली: आम्ही त्यांच्या बाजूने पुरेसे उभे राहिलो नाही. माफी योग्य होती, पण ती मागायला चार वर्षे लागली. २०२१ मध्ये लीगने त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेण्याचे ठरवले. गुड्स यांनी नकार कळवला.