खाण नसलेल्या गावाचे लोखंड

जालन्याच्या परिसरात ना लोहखनिजाची खाण आहे ना दगडी कोळशाची, आणि बंदर तर शेकडो किलोमीटर दूर. तरीही मराठवाड्यात घर बांधायला काढणारा माणूस स्लॅबसाठी सळई पाहू लागला, की जालन्याचे नाव हमखास निघते. पोलादाचे कारखाने खनिज आणि कोळसा यांच्या आसपास उभे राहतात, असे शाळेत जमशेदपूरचे उदाहरण देऊन शिकवले जाते. जालना त्या धड्यात बसत नाही.

गंमत अशी, की लोखंड जालनेकरांच्या पायाखालीच आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या आपल्या काळ्या पाषाणात वजनाने 10 टक्क्यांच्या आसपास लोह असते. पण ते सिलिकेटसारख्या खनिजांत कणाकणाने विखुरलेले असल्यामुळे वेगळे काढणे परवडत नाही. उलट छत्तीसगडमधील बैलाडिलाच्या खनिजात ते 60 टक्क्यांहून अधिक असते, म्हणून तिथे खाण चालते आणि इथे त्याच लोहयुक्त दगडाची खडी होते. एखादा पदार्थ संसाधन ठरतो तो केवळ निसर्गात आहे म्हणून नव्हे, तर तो हाती येईपर्यंत खर्चावी लागणारी ऊर्जा परवडते म्हणून.

खनिजातले लोह ऑक्सिजनने जखडलेले असते आणि ती जखड सोडवणे हेच पोलादनिर्मितीतले सर्वांत खर्चिक काम आहे. झोतभट्टीच्या मार्गाने 1 टन पोलाद करायला सुमारे 1.4 टन खनिज आणि पाऊण टनाच्या आसपास कोळसा लागतो. झिजलेला नांगराचा फाळ, गंजका पाइप, मोडकी खाट अशा भंगाराच्या बाबतीत हे काम कुणीतरी, कुठेतरी, पूर्वीच करून ठेवलेले असते. वरचा गंज सोडला, तर आता उरते फक्त वितळवणे. जालन्यात हे काम इंडक्शन भट्टी करते. तिच्याभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे असते, नळीतून थंड पाणी खेळते आणि वेटोळ्यातल्या प्रत्यावर्ती विजेमुळे भंगारातच भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होऊन ते आतून तापते. 1 टन लोखंड 1600 अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन वितळवायला तत्त्वतः 380 युनिट वीज पुरावी. प्रत्यक्षात साधारण 600 लागते. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराची ती सहा महिन्यांची वीज झाली.

म्हणजे जालन्याचा खरा कच्चा माल भंगार आणि वीज हा आहे. देशातली 70 टक्क्यांहून अधिक वीज कोळशावर होत असल्याने या सळईतून कोळसा हद्दपार झालेला नाही, तो फक्त तारेपलीकडे गेला आहे.

निसर्गातून थेट काही काढणे हा प्राथमिक व्यवसाय, त्यावर प्रक्रिया करणे हा द्वितीयक आणि व्यापार, वाहतूक, सेवा हा तृतीयक, ही विभागणी सर्वपरिचित आहे. हातगाडीवरून ‘भंगाऽऽर’ अशी हाळी देत फिरणारा माणूस तिच्यानुसार तृतीयक ठरतो. मला हे पटत नाही. भट्टीच्या दृष्टीने तो खाणकामगारच आहे, फक्त त्याची खाण गल्लोगल्ली पसरलेली आहे.

शिवाय तो नकळत धातुशास्त्रही सांभाळतो. भंगारात मिसळलेले तांबे वितळलेल्या पोलादातून व्यवहारात काढता येत नाही, आणि ते प्रमाणाबाहेर गेले, तर लालभडक बिलेट, म्हणजे सळईसाठी ओतलेली पोलादाची जाड कांडी, लाटताना पृष्ठभागाला भेगा पडतात. म्हणूनच तांब्याचे प्रमाण कमी करण्यासाठी भट्टीत स्पंज आयर्न घालतात, जे आपल्याकडे मुख्यतः कोळसा वापरून खनिजापासून बनते. सोडलेली खाण अशी मागच्या दाराने परत येते. भंगारवाला मात्र जळक्या पंप-मोटारीतले तांब्याचे गुंडाळे छिन्नीने तोडून वेगळ्या पोत्यात टाकतो, कारण तांब्याला लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो.