राजकीय अनुबोधपटांतील प्रभावतंत्र

प्रेक्षकाचे राजकीय मत घडवणे, बदलणे किंवा पक्के करणे या हेतूने वास्तव चित्रणाची केलेली मांडणी म्हणजे राजकीय अनुबोधपट. त्यातली दृश्ये बहुधा खरीच असतात. बाजू घेतली जाते ती दृश्यांच्या निवडीत, क्रमात आणि त्यांवर चढवलेल्या आवाजात. त्यामुळे हे तंत्र चित्रीकरणापेक्षा संकलनात जास्त सापडते.

निवेदनाची ताकद क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाने ‘लेटर फ्रॉम सायबेरिया’त (१९५७) उघड करून दाखवली. याकुत्स्क शहरातला रस्ता, बस, रस्ता दुरुस्त करणारे मजूर हेच चित्रण त्याने लागोपाठ तीनदा दाखवले: एकदा सोव्हिएत व्यवस्थेची स्तुती करणाऱ्या निवेदनासह, मग निंदेच्या आणि शेवटी तटस्थ निवेदनासह. चित्र तेच राहिले, शहर मात्र तीन वेळा बदलले. तटस्थ म्हणवणारे निवेदनही एक निवडच असते, हा त्यातला खरा चिमटा.

शत्रूचे चित्रणही असेच उलटवता येते. जर्मन दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टालच्या ‘ट्रायम्फ ऑफ द विल’मध्ये (१९३५) न्यूरेम्बर्गचा नाझी मेळावा भव्य दिसतो, दुसऱ्या महायुद्धात हॉलिवूडचा दिग्दर्शक फ्रँक काप्रा याने अमेरिकी सैनिकांसाठी केलेल्या ‘व्हाय वुई फाइट’ या सात चित्रपटांच्या मालिकेत तेच संचलन धोक्याची सूचना ठरले. ब्रिटनमध्ये तर त्या सैनिकांची पावले मागेपुढे फिरवून एका लोकप्रिय नाचाच्या चालीवर बसवली गेली. दरारा जाऊन हसे झाले.

मुलाखतीत फेरफार सहज करता येतो. बोलण्यातला मधला भाग गाळला की चित्र उडी मारते. ती झाकण्यासाठी हातांचे, ऐकणाऱ्याचे किंवा खोलीतल्या वस्तूचे दृश्य घालतात, आवाज मात्र सलग ठेवतात. वेळ वाचवण्यासाठी हे सर्रास चालते आणि त्यात गैर काही नाही. पण ‘परंतु’नंतरचे वाक्य गळले, तर बोलणाऱ्याचे म्हणणेच फिरते. शांत चेहराही कामी येतो: ‘फॅरनहाइट ९/११’मध्ये (२००४) ११ सप्टेंबर २००१च्या दहशतवादी हल्ल्याची बातमी कळल्यावरही शाळेच्या वर्गात बसून राहिलेले राष्ट्राध्यक्ष बुश दिसतात, पडद्यावर वेळ पुढे सरकते आणि त्यांच्या मनात काय चालले असेल याचे तर्क दिग्दर्शक मायकल मूर स्वतःच्या आवाजात करतो. त्याच चित्रपटात प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळी पडदा काळा राहतो, नुसते आवाज येतात. रिकामी जागा प्रेक्षकच भरतो.

क्रम बदलणे सर्वांत जोखमीचे. मूरच्याच ‘रॉजर अँड मी’वर (१९८९) फ्लिंट या अमेरिकी शहरातल्या घटनांचा कालक्रम बदलल्याची टीका झाली. कारखाने बंद पडून लोक बेकार झाले हे खरेच होते. तरी क्रमातली गफलत सापडल्यावर चर्चा बेकारीऐवजी दिग्दर्शकाच्या प्रामाणिकपणाकडे वळली.

आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये (२०११) मार्ग वेगळा आहे. मुंबईच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलीस गोळीबारात दहा जण ठार झाले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू झालेले चित्रीकरण सुमारे १४ वर्षे चालले. इथे वरून बजावणाऱ्या निवेदनापेक्षा शाहिरांची गाणी युक्तिवाद पुढे नेतात. गाण्याला प्रतिवाद करणे अवघड, त्यामुळे हेही प्रभावतंत्रच. फक्त आवाज ज्यांचा प्रश्न आहे त्यांचा असतो.

परिणाम मोजला गेला तेव्हा चित्र संमिश्र निघाले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉव्हलँड आणि सहकाऱ्यांनी काप्राच्या मालिकेतले काही चित्रपट सैनिकांना दाखवून तपासणी केली (निष्कर्षांचे प्रकाशन १९४९). माहिती बरीच वाढली, घटनांविषयीची काही मते बदलली, पण लढण्याची इच्छा जवळपास तशीच राहिली. काही मतांवरचा परिणाम मात्र पाच दिवसांनंतर दिसला त्यापेक्षा नऊ आठवड्यांनंतर जास्त दिसला. सांगणाऱ्याविषयीचा संशय विसरला जातो आणि सांगितलेले उरते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.