कापिसचं भूत आणि मामा-भाच्यांचा आजार

‘आस्वांगचं रहस्य विज्ञानानं उलगडलं’ अशा मथळ्याचा मजकूर अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरत असतो. आस्वांग हे फिलिपिन्समधलं सगळ्यात धाक असलेलं भूत. दिवसा चारचौघांसारखा माणूस, रात्री कुत्रा, डुक्कर नाहीतर पक्षी, आणि डोळा कायम गरोदर बाईच्या पोटावर. त्यातली मनानंगाल तर कमरेपासून धड सोडवून पंखांवर उडते आणि छपराच्या फटीतून लांबलचक जीभ खाली सोडते. या सगळ्यांचं माहेरघर म्हणून पनाय बेटावरचा कापिस प्रांत बदनाम आहे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना ज्या पातळ, दुधी शिंपल्यांची तावदानं दिसतात, त्यांचं आणि या प्रांताचं नाव एकच. मासळीसाठीही तो प्रसिद्ध आहे. पण देशभर नाव निघतं ते भुतापायी.

हे भूत मुळात एका आजारातून जन्मलं, असा त्या मजकुराचा दावा असतो. मथळा अतिरंजित आहे. त्यामागचा आजार मात्र खरा आहे, आणि मला विचाराल तर भुतापेक्षा जास्त थक्क करणारा.

१९७६ साली लिलियन ली या फिलिपिनो मेंदूविकारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पनायमधल्या काही रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. जवळजवळ सगळे पुरुष. आजार बहुधा चाळिशीच्या आसपास सुरू होतो. आधी पाऊल आत वळतं किंवा जबडा आपोआप उघडतो. मग मान मागे खेचली जाते, जीभ बाहेर येते, धड पिळवटतं. अशा रुग्णाच्या हनुवटीला नुसतं बोट टेकवलं तरी कधीकधी मान क्षणभर सरळ होते. बोट काढलं की पुन्हा वाकडी. काही वर्षांनी पिळवटणं ओसरतं आणि पार्किन्सनसारखा ताठरपणा येतो, पाय फरफटू लागतात. घास गिळता येत नाही, माणूस वाळत जातो. स्थानिक लोक याला लुबाग म्हणतात. वैद्यकातलं नाव लांबलचक आहे: एक्स-संलग्न डिस्टोनिया-पार्किन्सनिझम. डिस्टोनिया म्हणजे स्नायूंचं हे आपोआप पिळवटणं.

या नावातला ‘एक्स’ महत्त्वाचा. पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच असतं आणि ते आईकडून आलेलं असतं. बाईकडे दोन असतात. एकात दोष असला तरी दुसरं बहुधा निभावून नेतं. त्यामुळे हा आजार बापाकडून मुलाकडे कधीच जात नाही. तो मामाला होतो, त्याची बहीण ठणठणीत राहते, आणि तिचा मुलगा चाळिशीला आला की त्याची मान वळायला लागते.

दोष आहे ‘टॅफ-१’ नावाच्या जनुकात. हे जनुक जे प्रथिन बनवतं, ते पेशीत इतर जनुकांचं वाचन सुरू करणाऱ्या यंत्रणेचा एक भाग असतं. जनुकाची आधी आरएनए-प्रत निघते. त्या प्रतीत कामाच्या मजकुरामध्ये बिनकामाचे लांब पट्टे असतात. त्यांना इंट्रॉन म्हणतात. पेशी ते कापून टाकते आणि उरलेली टोकं जोडते. पनायच्या रुग्णांमध्ये टॅफ-१च्या ३२व्या इंट्रॉनमध्ये सुमारे २,६०० अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला आहे. त्याला एसव्हीए म्हणतात. स्वतःची प्रत काढून दुसरीकडे चिकटवणाऱ्या ‘उड्या मारणाऱ्या’ डीएनए-तुकड्यांच्या जातीतला तो. खरं तर इंट्रॉनमध्येच पडला म्हणजे कापला जाऊन निघून जायला हवा. पण त्याच्यामुळे कापणीच बिघडते, इंट्रॉनचा काही भाग प्रतीत तसाच राहतो आणि धडधाकट प्रती कमी पडतात. याचा फटका बसतो मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायटममधल्या चेतापेशींना. हालचालींचा लगाम त्यांच्याकडे असतो, आणि त्याच मरू लागतात.

पुढचा भाग माझा सगळ्यात आवडता. या उपऱ्या तुकड्याच्या एका टोकाला ‘सीसीसीटीसीटी’ ही सहा अक्षरं पुन्हापुन्हा येतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुणा रुग्णात ती ३५ वेळा, कुणात ५२ वेळा सापडली. जितक्या आवृत्त्या जास्त, तितका आजार लवकर. दुसऱ्याच वर्षी संशोधकांनी रुग्णांच्या पेशींमधून हा तुकडा क्रिस्पर या डीएनए-कात्रीच्या तंत्रानं कापून काढला, तर टॅफ-१चं काम पूर्ववत झालं. अर्थात, प्रयोगशाळेतल्या बशीत. सगळ्या रुग्णांमध्ये तुकडा त्याच जागी आहे, म्हणजे तो कधीकाळी एकाच पूर्वजात घुसला आणि पिढ्यान्‌पिढ्या बेटावर पसरला.

आता मथळ्याकडे. लुबागमधूनच आस्वांग जन्मला, हे म्हणणं टिकत नाही. गोष्टीतली मनानंगाल बाई असते, आजार मात्र पुरुषांचा. शिवाय आस्वांग फक्त कापिसचा नाही. हुआन दे प्लासेन्सिया या स्पॅनिश मिशनऱ्यानं १५८९ साली लिहून ठेवलंय की व्हिसायास बेटांवर (पनाय त्यांतलंच एक) उडणारा, माणसं मारून खाणारा ‘ओसुआंग’ असतो असं लोक सांगतात. त्याच यादीत त्यानं स्थानिक पुजारी, वैदू आणि चेटके सगळे सैतानाचे सेवक म्हणून एका ओळीत बसवले. तिथल्या बाबायलान, म्हणजे देवाशी बोलणाऱ्या आणि औषधं देणाऱ्या बाया, मिशनऱ्यांच्या लेखी चेटकिणी ठरल्या. भुताला आजाराची गरज नव्हती. ते आधीच तयार होतं. गोष्टीत तर असंही सांगतात की आस्वांगपण घशात दडलेल्या कोंबडीच्या काळ्या पिल्लावाटे घरातल्याच दुसऱ्या कुणाकडे उतरतं. अशा गावात एका घरात मामाची जीभ बाहेर आली आणि मग भाच्याची, तर शेजारी काय म्हणतील? आपल्याकडे एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणं हा महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरला, त्याला कारण हेच.

फिलिपिन्समधल्याच ‘बांगुंगोत’ची, म्हणजे धडधाकट तरुणाच्या झोपेतल्या मृत्यूची कथाही थोडी अशीच आहे. देशाच्या उत्तरेकडच्या इलोकोस भागात म्हणतात, बातिबात नावाची जाडजूड भुतीण छातीवर बसते. अंगठा चावा, पायाची बोटं हलवा, म्हणजे ती सुटते. यातले बरेच मृत्यू ब्रुगाडा विकारानं, हृदयाचे ठोके अचानक बेताल होऊन झालेले असतात. तिथं अंगठा चावून काही होत नाही. छातीत बसवलेलं झटका देणारं यंत्र मात्र ठोके ताळ्यावर आणू शकतं.

लुबाग बरा करणारं औषध अजून नाही. बोट्युलिनमची इंजेक्शनं पिळवटलेला स्नायू काही महिने सैल करतात, आणि मेंदूत खोलवर तारा बसवून विद्युत स्पंदनं दिली की पिळवटणं बऱ्याच जणांचं लक्षणीय कमी होतं. पण ही शस्त्रक्रिया महाग आहे. जनुकीय चाचणी करता येते. रुग्णाच्या मुलीला तिची गरजच नसते: बापाचं एकमेव एक्स तिच्याकडे आलेलंच असतं, म्हणजे ती वाहक (स्वतः बहुधा ठणठणीत, पण दोष पुढे देऊ शकणारी) आहेच. रुग्णाच्या बहिणीची शक्यता मात्र निम्मी, आणि ती वाहक निघाली तर तिच्या प्रत्येक मुलग्याकडे दोष जाण्याची शक्यता पुन्हा निम्मी.