विदर्भातलं ऊन पाणी फुकट का राहिलं?

गरम पाण्याचे झरे म्हटलं की मराठी माणसाला आधी कोकण आठवतं. वज्रेश्वरी, गणेशपुरी, राजापूर, उन्हवरे. विदर्भाचं नाव त्या यादीत तळाशी येतं, आणि तेही बहुतेकांनी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातच वाचलेलं असतं: सालबर्डी, जिल्हा अमरावती, कापेश्वर, जिल्हा यवतमाळ. पैनगंगेच्या पलीकडे, किनवट तालुक्यातलं उनकेश्वर यवतमाळकरांना घरचंच वाटतं, पण कागदोपत्री ते नांदेडचं. कोकणात झऱ्यांच्या भोवती लॉज आणि रिसॉर्ट उभे राहिले. इकडे मात्र ऊन पाणी देवाच्या नावावर राहिलं आणि त्यावर कधी भाव लागला नाही. हे असं का झालं ते पाहायचं तर आधी दगडाकडे आणि मग राज्यांच्या नकाशाकडे पाहावं लागतं.

दगडाचं आधी. गरम पाणी दिसलं की खाली ज्वालामुखी आहे, असा समज अजून सर्रास ऐकू येतो. आपला काळा दगड लाव्ह्याचाच, हे खरं. पण तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब कधीच संपली. झऱ्यांना लागणारी उष्णता साधी आहे: जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढतं, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस. पावसाचं पाणी भेगेतून एक-दीड किलोमीटर उतरलं की तापतं, आणि वर यायला मोकळी वाट मिळाली तर पुरतं निवायच्या आत बाहेर पडतं. पाऊस सगळीकडेच पडतो, इतकी खोल भेग मात्र सगळीकडे नसते.

विदर्भात अशी मोठी भेग सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी आहे. भूवैज्ञानिक तिला गाविलगड भ्रंश म्हणतात. अचलपूर-परतवाड्याकडून उत्तरेला पाहिलं की डोंगर सपाटीतून एकदम भिंतीसारखा उभा राहतो, तो या भ्रंशामुळे. उत्तरेची बाजू उचलली गेली, दक्षिणेची खचली. खचलेल्या बाजूत पूर्णेचा गाळ शेकडो मीटर साचला, आणि अकोला-दर्यापूरकडचा खारपाणपट्टा त्याच गाळावर आहे. म्हणजे एकाच भ्रंशाच्या काठाने एकीकडे औषधी म्हणून नावाजलेलं पाणी, तर दुसरीकडे तोंडात धरवत नाही असं खारं पाणी. सालबर्डी या भ्रंशाच्या पट्ट्यात येते. इथे काळ्या दगडाखालचे जुने थर उघडे पडले आहेत आणि त्यांतल्या लॅमेटा नावाच्या थरांत डायनासोरची अंडी आणि हाडं मिळाली आहेत. यात्रेला येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

हा भ्रंश एकटा नाही. सोन, नर्मदा आणि तापी या नद्यांच्या खोऱ्यांतून जाणारा जो मोठा दुबळा पट्टा आहे, त्याचाच तो भाग. छत्तीसगडातलं तातापानी, पचमढीजवळची अनहोनी, खानदेशातलं उनपदेव हे झरे त्याच पट्ट्यातले. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंपही तिथलाच. पैनगंगेकाठच्या झऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. तिथे काळ्या दगडाची चादर विरत जाते आणि खालचे कितीतरी जुने चुनखडक आणि ग्रॅनाइट वर येतात. अशा शिवणीवर पाण्याला वाट सापडते.

आता नकाशा. डोंगराची कड आणि नदीचं पात्र ही राज्यकर्त्यांना सीमेसाठी सोयीची ठिकाणं. दगड जिथे फाटतो, तिथेच बहुतेक वेळा मुलूखही फाटतो. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा पैनगंगेच्या उत्तरेला इंग्रजी कारभार आणि दक्षिणेला निजामी असं झालं. किनवट तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला आला. सालबर्डीचं तसंच. गाव अमरावतीचा मोर्शी तालुका आणि आता मध्य प्रदेशात असलेला बैतूल जिल्हा यांच्या हद्दीवर. बैतूल मध्य प्रांतात आणि मोर्शी वऱ्हाडात, म्हणजे गाव दोन कारभारांत. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला तरी जिल्हे वेगळेच राहिले, आणि १९५६ मध्ये त्याच रेषेची राज्याची सीमा झाली. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये सालबर्डीची नोंद आहे ती अशीच: गाव काही अमरावतीत, काही बैतुलात, दोन झरे, एक अगदी गार, एक अगदी गरम.

हे फक्त झऱ्यांपुरतं नाही. वऱ्हाडी माणूस पावसाळ्यात सहलीला जिथे जातो त्या जागा आठवून पाहा. मुक्तागिरीचे धबधबे आणि जैन मंदिरं आपण अमरावतीच्या खात्यात धरतो, पण आहेत बैतूल जिल्ह्यात. सहस्रकुंडाचा धबधबा यवतमाळ आणि नांदेडच्या मधोमध पैनगंगेत कोसळतो. असं ठिकाण दोघांचं असतं, म्हणून निधी मागताना कुणाचंच नसतं. रस्ता एका हद्दीपर्यंत डांबरी, पुढे खडी. माझ्या मते विदर्भातल्या झऱ्यांचं हॉटेल न होण्यामागे श्रद्धेइतकाच हा सरहद्दीचा हिशेब आहे.

सरकारी नजर या पाण्यावर पडली नाही असं मात्र नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी देशभरातल्या उष्ण झऱ्यांची यादी जमवली होती. त्यांच्या निधनानंतर मुलाने, रिचर्ड ओल्डहॅम यांनी, ती १८८२ मध्ये छापली. तीनशेच्या आसपास नोंदी होत्या. पुढे १९६० च्या दशकात केंद्राने खास समिती नेमली, कारण आता प्रश्न जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज काढण्याचा होता. १९७३ मध्ये लडाखच्या पुगा खोऱ्यात शोधकाम सुरू झालं, कोकणातही विंधनं घेतली गेली, आणि १९९१ मध्ये सर्वेक्षणाने देशाचा भूऔष्णिक नकाशासंग्रह काढला. विदर्भ या शर्यतीत मागेच पडला. इथलं पाणी आंघोळीपुरतं ऊन, टर्बाईन फिरवण्याइतकं नाही. शिवाय वणी आणि चंद्रपूरचा कोळसा हाताशी असताना कोमट पाण्यामागे कोण लागणार?

मग हे पाणी सांभाळलं कुणी? देवाने, म्हणजे देवाच्या नावाने येणाऱ्या माणसांनी. सालबर्डीची कथा अशी की रामाने टाकल्यावर सीता इथे राहिली आणि लव-कुश इथेच जन्मले. डोंगरातल्या गुहेत महादेव आहे. पचमढीचा तो मोठा महादेव आणि सालबर्डीचा छोटा, असं वऱ्हाडात म्हणतात. महाशिवरात्रीला दोन्ही राज्यांतून लोक लोटतात, ‘हर बोला हर हर महादेव’ करत. पण ही जागा त्याहून जुन्या वहिवाटीची आहे. डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तेराव्या शतकात चक्रधर स्वामी रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटून याच डोंगरात एकांतात राहिले, असं महानुभाव परंपरा सांगते. भिक्षू, महानुभाव, शैव, सगळ्यांना एकच डोंगर का आवडला याचं उत्तर मला तरी पाण्यात दिसतं. उन्हाळ्यात सातपुड्याच्या उतारावर बारमाही झरा असणं ही छोटी गोष्ट नव्हे.

उनकेश्वरची कथा वेगळ्या वळणाची. शरभंग ऋषींना कुष्ठ झालं, रामाने बाण मारून ऊन पाणी काढलं आणि त्या पाण्याने ते बरे झाले. या कथेमुळे त्वचेचे रोग असलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशा कुंडांकडे जात राहिली. गंधक असलेल्या पाण्याने काही चर्मरोगांत खाज आणि खपल्या कमी होतात, एवढं मानायला हरकत नाही. कुष्ठरोग जंतूंचा, तो पाण्याने जात नाही. गावाने बाहेर काढलेल्याला तीर्थावर बसायला जागा मिळायची, आणि त्या काळी तेवढं तरी मोठं होतं. कुष्ठरोग्यांसाठीचं जे मोठं काम विदर्भात उभं राहिलं, त्याची गरज केवढी होती हे यावरून कळतं: वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांचं, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांचं, वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांचं. सल्फोन गोळ्या आल्या, मग १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि माणसं खरोखर बरी होऊ लागली. आज कुणी चट्टा घेऊन झऱ्यावर जात असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. तिथेही औषध फुकटच मिळतं.

या सगळ्यात लोणारला ओढू नये. बुलढाण्यातलं हे सरोवर ज्वालामुखीचं तोंड आहे असं एकेकाळी विद्वानही मानत. १९७० च्या दशकात तिथे प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी काच सापडली आणि ते विवर उल्केच्या आघाताचं ठरलं. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावरच्या धारेला बारमाही पाणी आहे, पण त्याचा भूगर्भातल्या उष्णतेशी संबंध नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेची आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला. सालबर्डी-कापेश्वरच्या वाट्याला असं काही आलेलं नाही.

सध्याची काळजी वेगळीच आहे. सालबर्डीच्या खालचा वरूड-मोर्शीचा मुलूख संत्र्याचा. संत्र्याला बारा महिने पाणी लागतं, आणि विहिरी आटल्या तसे बोअर खोल खोल गेले. भूजलाच्या सरकारी मोजणीत वरूड आणि मोर्शी हे तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले आहेत. झऱ्याचं पाणी शेवटी सातपुड्यावर पडलेल्या पावसाचंच, आणि जमिनीखालच्या वाटा तालुक्याची हद्द पाहत नाहीत. पाणलोटाची कामं ठरवताना पायथ्याच्या गावांबरोबर वरच्या उताराचा विचार व्हायला हवा, आणि तो उतार मध्य प्रदेशात येतो.