सोलापूरहून अंदमानचे प्रवाळ पाहायला: परवाना, कागदपत्रे आणि वंडूरची तपासणी

अंदमानला जायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जायला मात्र लागतो, आणि लोकांची गल्लत होते ती इथेच. टूरच्या पॅकेजवर ‘अंदमान’ लिहिलंय म्हणजे हे उद्यान त्यात आलंच, असं धरून चालू नका. पैसे भरण्याआधी उद्यानाचा परवाना आणि बोटीचं तिकीट दोन्ही त्यात आहे का, हे लेखी घ्या.

हे उद्यान १९८३ साली जाहीर झालं. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमपासून, ते साधारण तीस किलोमीटरवर आहे. त्यात पंधरा बेटं येतात, पण पर्यटकांसाठी दोनच खुली असतात: जॉली बॉय आणि रेड स्किन. तीही आलटून पालटून, म्हणजे एका बेटाच्या प्रवाळांना विसावा मिळतो. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय, आणि पावसाळ्याच्या महिन्यांत रेड स्किन. पाणी नितळ हवं असेल तर आपली संक्रांतीची गड्डा यात्रा आटोपली की निघावं. जानेवारीअखेर ते मार्च हा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. सोमवारी उद्यान बंद असतं, त्यामुळे विमानाची तारीख ठरवतानाच वार बघा.

परवाना कोणाला, कसा

वयाची अट नाही. भारतीय नागरिकांना सरकारी फोटो ओळखपत्रावर परवाना मिळतो. परदेशी पासपोर्ट असलेल्या पाहुण्यांना पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो, आणि त्यांचं शुल्क वेगळं असतं. परवाना अंदमानच्या वन विभागाकडून निघतो, ऑनलाइन अर्जाची सोय आहे. बेटावर रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा असल्याने सुट्ट्यांच्या दिवसांत शेवटच्या घटकेपर्यंत थांबू नये. बोटीचं तिकीट परवान्यात धरलेलं नसतं, ते वेगळं काढावं लागतं.

अर्जात नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षरन् अक्षर टाका. सोलापुरात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्याकडे कुणाच्या आधारवर आडनाव आधी असतं, कुणाचं शेवटी, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं आधारवर एक तर मतदार कार्डावर दुसरं. विमानाचं तिकीट, परवाना आणि बोट या तिन्हींसाठी एकच ओळखपत्र वापरा. लहान मुलांचं आधार नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला सोबत ठेवा. पाच आणि पंधरा वर्षांची झाल्यावर मुलांचं बायोमेट्रिक अद्ययावत करावं लागतं. ते राहिलं असेल तर निघण्याच्या बरंच आधी आधार केंद्रात जाऊन उरका.

मूळ ओळखपत्र, प्रत्येकाची झेरॉक्स, परवान्याची छापील प्रत आणि बोटीचं तिकीट हे सगळं एका कापडी पिशवीत ठेवा. फक्त मोबाइलवर भिस्त नको, समुद्रात रेंज जाते.

जेटीवर

बोटी सकाळी सुटतात, म्हणून शहरातून लवकर निघावं. वंडूरला वन कर्मचारी सामान उघडून बघतात. उद्यानात प्लास्टिकला बंदी आहे, पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटल्यासुद्धा चालत नाहीत. आपली शेंगा चटणी आणि कडक भाकरी हमखास प्लास्टिकच्या पाकिटात असते. ती घरूनच स्टीलच्या डब्यात आणि सुती फडक्यात बांधून न्या. बेटावर दुकान नाही, त्यामुळे हा डबा खरोखर उपयोगी पडतो. पाणीही स्टीलच्या बाटलीत न्यावं.

जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट अलीकडेच थांबते, आणि तिथून काचेच्या तळाच्या छोट्या बोटीत उतरून किनारा गाठायचा. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना हालत्या बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकणं जड जातं, त्याचा विचार आधी करा. पोहता न येणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये. काचेतूनच खालचे प्रवाळ आणि रंगीत मासे छान दिसतात.

पाण्यात उतरलात तर प्रवाळावर पाय ठेवू नका, हातही लावू नका. दगडासारखं दिसत असलं तरी ते बारीक जिवांचं घर असतं, आणि वाढतं अतिशय हळू. २०१० साली समुद्राचं पाणी तापल्याने अंदमानातले पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले होते. उरलेल्यांना आपल्या पायांचा भार नको. प्रवाळाचे जीव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला तुकडा उचलून आणणंही गुन्हा ठरतो, तेव्हा मुलांना हे बोटीत बसण्याआधीच सांगा.

प्रवासाची जुळणी

सोलापूरहून रेल्वेने वाडी, गुंतकल, रेणिगुंटा मार्गे चेन्नई, आणि तिथून विमान, हा सरळ रस्ता. गाडीला उशीर होऊ शकतो, म्हणून चेन्नईत एक रात्र मोकळी ठेवा. वंडूरचा दिवस परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नका: समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, आणि हातात आणखी एखादा दिवस असला तरच पुन्हा परवान्यासाठी प्रयत्न करता येतो.